गोड लागणे आणि गोड बोलणे

इंग्रजी व्याकरणाने गुणवर्णनाचे काम दोन स्वतंत्र खात्यांकडे सोपवलेले आहे. नामाविषयी, म्हणजे व्यक्ती, वस्तू, प्राणी अथवा भाव यांच्याविषयी काही अधिक सांगायचे असेल तर ते विशेषणाने सांगावे, ज्याला त्या भाषेत अ‍ॅडजेक्टिव्ह म्हणतात. आणि क्रियापदाविषयी, खुद्द विशेषणाविषयी किंवा दुसऱ्या एखाद्या क्रियाविशेषणाविषयी काही सांगायचे असेल तर ते क्रियाविशेषणाने, म्हणजे अ‍ॅडव्हर्बने सांगावे, अशी ही व्यवस्था आहे. कोणत्याही दोन खात्यांप्रमाणे याही दोघांच्या हद्दी कागदावर स्वच्छ आखलेल्या आहेत, चुकीच्या खिडकीवर गेलेला अर्ज परत पाठवला जातो, आणि काही कर्मचारी मात्र सकाळी एका खात्यात व दुपारी दुसऱ्या खात्यात बसलेले आढळतात, ज्याची विचारणा केल्यास ‘पूर्वीपासून असेच आहे’ एवढेच उत्तर मिळते.

मराठी माणसाला ही विभागणी जड जाते, ती त्याच्या बुद्धिमांद्यामुळे नव्हे, तर त्याची स्वतःची भाषा या बाबतीत फार सढळ असल्यामुळे. ‘आंबा गोड लागतो’ आणि ‘सासूबाई गोड बोलतात’ या दोन वाक्यांत ‘गोड’ हा एकच शब्द सारख्याच निश्चिंतपणे वावरतो. पहिल्या वाक्यात गोडी आंब्याची आहे, दुसऱ्यात ती बोलण्याची आहे, सासूबाईंची असेलच असे नाही, आणि हा भेद मराठी घरातल्या कोणत्याही सुनेला व्याकरणाचा एकही तास न घेता कळतो. इंग्रजीला तो शब्दावरच नोंदवून हवा असतो, म्हणून तिथे आंबा ‘स्वीट’ लागतो आणि सासूबाई ‘स्वीटली’ बोलतात. याहून पुढची गंमत अशी की ‘मुलगा चांगला गातो’, ‘मुलगी चांगली गाते’, ‘मुले चांगली गातात’ असे म्हणताना जो शब्द गाण्याची प्रत सांगायला आलेला असतो, तो आधी गाणाऱ्याच्या लिंगवचनाची चौकशी करतो आणि मग त्याप्रमाणे आपले रूप बदलतो. म्हणजे काम क्रियापदाचे करायचे आणि निष्ठा कर्त्याशी ठेवायची, असा त्याचा व्यवहार आहे. शालेय पुस्तकात क्रियाविशेषणाला ‘अव्यय’ म्हणतात, आणि अव्यय म्हणजे लिंग, वचन, विभक्ती यांपैकी कशानेही न बदलणारा शब्द अशी व्याख्या पाठ करून घेतली जाते, त्यामुळे हा ‘चांगला’ तिथे काही केल्या बसत नाही. मग त्याला ‘क्रियाविशेषणासारखे वापरलेले विशेषण’ असे म्हणून पुढच्या धड्याकडे वळण्याची पद्धत आहे.

या गोंधळात मराठीचा दोष थोडा आणि साच्याचा जास्त आहे. शब्दांच्या व्युत्पत्तीचा विचार करणाऱ्या प्राचीन यास्काला आपल्या ‘निरुक्ता’त नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात असे शब्दांचे चार वर्ग पुरले होते, विशेषणाला त्यात वेगळी खोली नव्हती, ते नामाच्याच घरात राही, आणि संस्कृतात क्रियाविशेषण हवे असेल तर विशेषणाचे नपुंसकलिंगी द्वितीयेचे एकवचन केले की काम भागे, जसे ‘शीघ्रं गच्छति’. पुढे एकोणिसाव्या शतकात, ज्यांना मराठीचे पाणिनी म्हणतात त्या दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ साली आले, इंग्रजी व्याकरणाचा नमुना विद्वानांच्या डोळ्यांपुढे राहू लागला, आणि शब्दांच्या आठ जाती शाळाशाळांतून रुळल्या. परिणामी मराठी विद्यार्थी आधी इंग्रजी मापाचा अंगरखा मराठीला चढवायला शिकतो आणि नंतर तोच अंगरखा इंग्रजीलाही नीट बसत नाही हे त्याला इंग्रजीच्या तासाला कळते.

शाळेत या सगळ्यावर एकच तोडगा दिला जातो: विशेषणाच्या शेवटी ‘ली’ लावा, क्रियाविशेषण तयार. ‘ब्रेव्ह’चे ‘ब्रेव्हली’, ‘हॅपी’चे ‘हॅपिली’, ‘स्लो’चे ‘स्लोली’ असे दहाबारा शब्द फळ्यावर उतरवून होईपर्यंत नियम निर्दोष वाटतो, आणि सुदैवाने तेवढ्यात तासही संपतो. नियमाची पंचाईत त्याच्या पूर्वेतिहासात आहे. जुन्या इंग्रजीत ‘लिक’ म्हणजे देह किंवा आकार, आणि त्याच कुळातला प्रत्यय नामाला लागून ‘त्यासारखा’ या अर्थाचे विशेषण बनवीत असे. त्या विशेषणाच्या शेवटी आणखी एक ‘ए’ हा स्वर आला की ते क्रियाविशेषण होई. मध्ययुगात हा शेवटचा स्वर उच्चारातून गळून पडला आणि विशेषण बनवणारा ‘ली’ व क्रियाविशेषण बनवणारा ‘ली’ हे जुळ्या भावांसारखे दिसू लागले. म्हणूनच ‘फ्रेंडली’, ‘लव्हली’, ‘कॉवर्डली’ हे शब्द ‘ली’ची शेपटी लावूनही विशेषणेच राहिले आहेत, ‘फ्रेंडलिली’ असा शब्द कोशात सापडतो, पण कोणाच्या तोंडात सापडत नाही, आणि मित्रत्वाने वागणाऱ्या माणसाला ‘इन अ फ्रेंडली मॅनर’ असा वळसा घालून वागावे लागते. भारतीय वृत्तपत्रांतील इंग्रजी विवाहविषयक जाहिरातींनी याच गटातल्या ‘होमली’ या शब्दावर फार मोठा भरवसा ठेवलेला आहे. वधू गृहकृत्यदक्ष, घरात रमणारी, फार उलटून न बोलणारी असावी, असा सगळा आशय त्या एका शब्दात भरलेला असतो. अमेरिकेत मात्र तोच शब्द दिसायला यथातथा असलेल्या व्यक्तीला लावतात, त्यामुळे परदेशस्थ स्थळांपैकी एखाद्याने जाहिरात अमेरिकन कानाने वाचल्यास वधूपित्याच्या प्रांजळपणाने तो थक्क होईल.

तोच स्वर गळाल्याने आणखी एक वर्ग जन्माला आला, ज्याला इंग्रजीत फ्लॅट अ‍ॅडव्हर्ब म्हणतात. ‘फास्ट’, ‘हार्ड’ यांसारख्या शब्दांत विशेषण आणि क्रियाविशेषण यांच्यातला फरक केवळ त्या ‘ए’पुरताच होता; तो गेल्यावर दोन्ही रूपे एक झाली आणि तशीच वापरात राहिली. इथे नियमनिष्ठ विद्यार्थी फसतो. ‘फास्टली’ लिहिले तर तो शब्द आधुनिक इंग्रजीत चालत नाही एवढेच होते, अर्धा गुण जातो आणि अब्रू राहते. पण ‘हार्डली’ हा शब्द अस्तित्वात आहे आणि त्याचा अर्थ ‘कष्टाने’ असा नसून ‘जेमतेम’, ‘नाहीच म्हणा ना’ असा आहे. नोकरीच्या अर्जात ‘आय हॅव वर्क्ड हार्डली फॉर टेन इयर्स’ असे लिहिणारा उमेदवार आपल्या घामाचा हिशेब मांडू पाहत असतो, आणि वाक्य मात्र असे सांगते की गेल्या दहा वर्षांत त्याने हाताला काम म्हणून फारसे लागूच दिलेले नाही. ‘लेट’ म्हणजे उशिरा आणि ‘लेटली’ म्हणजे अलीकडे, ‘शॉर्ट’ म्हणजे आखूड आणि ‘शॉर्टली’ म्हणजे थोड्याच वेळात, असेच हे चालते. ‘नियर’ आणि ‘नियरली’ यांच्या बाबतीत मात्र मराठी विद्यार्थ्याला तक्रारीला जागा नाही, कारण त्याच्याच भाषेत ‘तो जवळ आला’ आणि ‘तो जवळजवळ आला’ यांतला माणूस एका वाक्यात पोचलेला असतो आणि दुसऱ्यात अजून कोपऱ्यावर असतो. ‘जवळजवळ बसा’ हा अपवाद लग्नातल्या छायाचित्रकारांसाठी राखून ठेवलेला आहे.

इंग्रज स्वतः या बाबतीत फार शिस्तीचे होते असा समज भारतात आहे, आणि त्या समजाला व्याकरणाची पुस्तकेच जबाबदार आहेत. रॉबर्ट लोथ या धर्मोपदेशकाने, जो पुढे लंडनचा बिशप झाला, १७६२ साली इंग्रजी व्याकरणाचे एक छोटे पुस्तक काढले आणि त्यात विशेषणे क्रियाविशेषणांच्या जागी वापरणे अयोग्य ठरवून, हा अपराध करणाऱ्यांची उदाहरणेही दिली. त्यांत शेक्सपिअर, ड्रायडन आणि स्विफ्ट अशी मंडळी होती. ज्या भाषेत उत्तम लिहिण्याची कीर्ती ज्यांना मिळाली त्यांनाच ती भाषा येत नव्हती, असा निष्कर्ष यातून निघतो. तो कोणालाही विचित्र वाटला नाही आणि पुस्तक मात्र पुन्हा पुन्हा छापले गेले. भारतात हीच कडक परंपरा ‘रेन अँड मार्टिन’ या जोडनावाने रुजली. त्यातले पी. सी. रेन हे ‘बो जेस्ट’ या फ्रेंच परदेशी पलटणीवरील १९२४ सालच्या साहसी कादंबरीचे लेखक होते, ही गोष्ट त्यांचे व्याकरण पाठ करणाऱ्या पिढ्यांना कोणी सांगितली नाही, नाहीतर निदान लेखकाविषयी थोडे कुतूहल वाटले असते.

घाटरस्त्यांवर ‘गो स्लो’ अशी पाटी दिसली की काही सुशिक्षित प्रवासी, दरी डाव्या हाताला आहे हे विसरून, ‘स्लोली’ हवे होते असे पुटपुटतात. वस्तुतः ‘स्लो’ हे क्रियाविशेषण म्हणून शेक्सपिअरच्या काळापासून चालत आलेले आहे आणि पाटी लिहिणाऱ्या रंगाऱ्याने, कदाचित रंग वाचवण्याच्या हेतूने, परंपरेचा मान राखलेला असतो. अ‍ॅपल या संगणक कंपनीने १९९७ साली ‘थिंक डिफरंट’ असे घोषवाक्य केले तेव्हाही ‘डिफरंटली’ची मागणी झाली होती; त्यावर कंपनीचे सहसंस्थापक स्टीव्ह जॉब्स यांचे म्हणणे असे की इथे ‘डिफरंट’ हे विचार कसा करावा ते सांगत नाही, विचार कशाचा करावा ते सांगते, ‘थिंक बिग’मध्ये ‘बिग’ जसे येते तसे. हा युक्तिवाद बराच लवचीक आहे, आणि दहावीच्या उत्तरपत्रिकेत तो कोणी समासात लिहून पाहिल्याचे ऐकिवात नाही. तिथे ‘ही रन्स क्विक’ लिहिणाऱ्याचा गुण जातो. तेच वाक्य बुटांच्या जाहिरातीत आले तर त्याला शैली म्हणतात. चूक कोणती हे व्याकरण ठरवते, पण चूक कोणाची हे चुकणाऱ्याच्या ऐपतीवर ठरते.

विशेषण आणि क्रियाविशेषण यांच्या हद्दीवरचा सर्वांत मोठा वाद लिंकिंग व्हर्ब या प्रकारच्या क्रियापदांमुळे होतो. हे क्रियापद कर्त्याने काही केले असे सांगत नाही. ते कर्ता आणि त्याचा गुण यांना केवळ जोडते, म्हणून त्याच्यापुढे क्रियाविशेषण न येता विशेषण येते. आंबा ‘टेस्ट्स स्वीट’, ‘स्वीटली’ नव्हे, कारण चव घेण्याचे काम आंबा करीत नाही. इंग्रजी शिक्षकांचे आवडते उदाहरण कुत्र्याचे आहे. ‘द डॉग स्मेल्स बॅड’ म्हटल्यास कुत्र्याला आंघोळ घालावी लागते, आणि ‘द डॉग स्मेल्स बॅडली’ म्हटल्यास त्याला डॉक्टरकडे न्यावे लागते, कारण त्याचे नाक निकामी झालेले असते. मराठीने ही अडचण सोडवण्याऐवजी ती अधिक रुंद केली आहे: ‘कुत्र्याला वास येतो’ या वाक्यात कुत्रा वास घेणारा आहे की वास मारणारा, हे वाक्य सांगत नाही, खोलीत शिरल्यावर कळते. याच धाग्याने ‘आय फील बॅडली’ म्हणणाऱ्यास हुशार लोक हसतात, कारण वाक्याचा काटेकोर अर्थ त्याची स्पर्शशक्ती मंदावली आहे असा होतो. जेम्स ब्राउन यांचे १९६५ सालचे ‘आय फील गुड’ म्हणून ओळखले जाणारे गाणे मात्र व्याकरणदृष्ट्या निष्कलंक आहे, जरी ते ऐकताना व्याकरणाचा विचार करणाऱ्याला मुळात निमंत्रणच नसावे. ‘गुड’चे क्रियाविशेषण ‘वेल’, पण प्रकृतीपुरते ‘वेल’ हेच विशेषण, अशी त्यात एक पोटअट आहे. मराठी माणूस हे सगळे ‘बरा’ या एका शब्दावर भागवतो: तापातून उठलेला बरा असतो, गाणारा बरा गातो, स्थळ बरे असते, आणि ‘बरं!’ एवढेच म्हटले की संभाषण संपते.

क्रियाविशेषणांत परिमाण दाखवणारा एक गट आहे, ज्याची कामगिरी गुण किती आहे ते सांगण्याची. ‘व्हेरी’ म्हणजे पुष्कळ आणि ‘टू’ म्हणजे मर्यादेबाहेर, नको तितके. चहा ‘टू हॉट’ असेल तर तो पिता येत नाही. भारतीय इंग्रजीत मात्र ‘टू’ ही मर्यादा ओलांडल्याची तक्रार नसून ओलांडल्याबद्दलचे अभिनंदन आहे, त्यामुळे पुरणपोळी ‘टू गुड’ असते आणि यजमानीण त्यावर आणखी एक वाढते. याच्याच शेजारी ‘ओन्ली’ बसतो. मराठीतील ‘च’ ज्या शब्दाला चिकटतो त्यालाच दम देतो, इकडेतिकडे पाहत नाही: ‘मीच त्याला काल सांगितले’, ‘मी त्यालाच काल सांगितले’, ‘मी त्याला कालच सांगितले’ या तीन वाक्यांत भांडणाचे मुद्दे तीन आहेत आणि तिन्ही स्वच्छ आहेत. इंग्रजी ‘ओन्ली’ला असे चिकटून राहणे जमत नाही, तो वाक्यात सोयीस्कर जागा पाहून उभा राहतो आणि त्याचा रोख कोणावर आहे ते ऐकणाऱ्याने स्वराघातावरून ओळखायचे असते. या गैरसोयीवर मराठी आणि इतर भारतीय भाषिकांनी स्वतःचा उपाय काढला आणि ‘ओन्ली’ला ‘च’ची नोकरी दिली. ‘आय स्टे इन पुणे ओन्ली’ हे वाक्य लंडनमध्ये चुकीचे धरतील, पण ‘मी पुण्यातच राहतो’ यातला ठाम, किंचित चिडका आणि पुण्याबाहेर राहणाऱ्यांविषयी कणव बाळगणारा सूर दुसऱ्या कोणत्याही इंग्रजी रचनेत तितका उतरत नाही.

इंग्रजी लेखनकलेच्या पुस्तकांतून अलीकडे क्रियाविशेषणांवर सरसकट बंदीची शिफारस केली जाते. स्टीफन किंग यांनी २००० सालच्या ‘ऑन रायटिंग’ या पुस्तकात ती विशेष आवेशाने केली आहे. इंग्रजीला हे परवडते, कारण तिथे क्रियेची रीत बहुधा क्रियापदाच्या पोटातच असते. दार कसे लावले हे ‘स्लॅम’ या एका क्रियापदात येते, पाणी कसे प्यायले ते ‘गल्प’मध्ये, जेवण कसे केले ते ‘गॉबल’मध्ये. मराठीचे क्रियापद त्या मानाने साधे, सोज्ज्वळ असते, आणि सगळी नाट्यमयता त्याच्या आधी येणाऱ्या नादानुकारी क्रियाविशेषणात, म्हणजे आवाजाची नक्कल करणाऱ्या शब्दात साठवलेली असते: दार ‘धाडकन’ लावले, पाणी ‘गटागटा’ प्यायले, भाकरी ‘मटामटा’ खाल्ली, पोर ‘खुदकन’ हसले, बेडकाने ‘टुणकन’ उडी मारली, आणि वर्गात पहिल्या बाकावरच्याला गुरुजींनी ‘फाडकन’ वाजवली. किंगसाहेबांचा सल्ला मराठीत अमलात आणला तर दार लावले जाईल, पाणी प्यायले जाईल, आणि घरात भांडण झाले होते याचा पत्ता वाचकाला शेवटपर्यंत लागणार नाही. असे ‘कन’कारान्त शब्द इंग्रजीच्या तासाला भाषांतरासाठी दिले की विद्यार्थी ‘सडनली’ लिहितो. मराठीतल्या सगळ्या उड्या, थपडा, हसू आणि दारे त्या एका ‘सडनली’च्या गोणीत भरली जातात.

तरतमभावाविषयी फार लिहिण्यासारखे नाही, पण महाराष्ट्रात इंग्रजी शिकलेल्यांना ‘चेंज द डिग्री’ हा प्रश्न विसरता येत नाही म्हणून उल्लेख करणे भाग आहे. विशेषणाच्या तीन पायऱ्या असतात: साधी, दोहोंतली तुलना करणारी, आणि सर्वांत वरची. ‘मुंबई इज वन ऑफ द बिगेस्ट सिटीज इन इंडिया’ या सरळ वाक्याचे ‘व्हेरी फ्यू सिटीज इन इंडिया आर अ‍ॅज बिग अ‍ॅज मुंबई’ असे रूपांतर करण्यात मराठी मुलांचे बालपण खर्ची पडलेले आहे, आणि दादरच्या पुलावर गर्दीत उभे असताना हे दुसरे वाक्य कोणाच्या तोंडून आल्याची नोंद नाही. मराठीने ‘पेक्षा’ आणि ‘सर्वांत’ एवढ्यावर हा कारभार उरकला आहे. मात्र ‘सर्वांत सर्वोत्तम’ असे दुहेरी कुलूप दुकानांच्या पाट्यांवर आढळते, आणि शेक्सपिअरने ‘ज्युलियस सीझर’मध्ये असेच दुहेरी रूप वापरलेले असल्यामुळे त्या दुकानदारांची संगत वाईट नाही.

विशेषणे एकापुढे एक आली की त्यांचाही क्रम ठरलेला असतो: मत आधी, मग आकारमान, वय, घडण, रंग, मूळ ठिकाण, आणि शेवटी पदार्थ. हा क्रम इंग्रजांना कोणी शिकवत नाही, परक्यांना मात्र तक्ता पाठ करावा लागतो. जे. आर. आर. टॉल्किन यांनी लहानपणी ड्रॅगनची गोष्ट लिहिताना रंग आधी आणि आकार नंतर घातला, तेव्हा आईने त्यांना दुरुस्त केले, पण तसे का म्हणायचे नाही हे त्यांना तेव्हा कळले नाही आणि पुढे भाषाशास्त्राचे प्राध्यापक झाल्यावरही ते कोडेच राहिले. मराठीत ‘मोठा हिरवा नाग’ आणि ‘हिरवा मोठा नाग’ दोन्ही चालतात, कारण नाग दिसल्यावर क्रमाकडे पाहायला वेळ नसतो.

क्रियाविशेषणाची जागा चुकली तर मात्र प्रकरण थेट राज्यघटनेपर्यंत जाऊ शकते. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाची शपथ राज्यघटनेच्या दुसऱ्या कलमात शब्दशः दिलेली आहे आणि तिच्यात ‘निष्ठापूर्वक’ या अर्थाचे ‘फेथफुली’ हे क्रियाविशेषण ‘विल’ आणि ‘एक्झिक्यूट’ या दोन शब्दांच्या मध्ये येते. साहाय्यक क्रियापद आणि मुख्य क्रियापद यांच्या मध्ये काही घालू नये, असा एक समज इंग्रजीतल्या शुद्धतावाद्यांत फार दिवस आहे. २० जानेवारी २००९ रोजी सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी कागद न पाहता बराक ओबामा यांना शपथ देताना ते ‘फेथफुली’ मधून उचलून पार शेवटी नेऊन ठेवले. ओबामा अडखळले, सरन्यायाधीशांनी ते पुन्हा मधेच कुठेतरी घातले, आणि अखेर शपथ चुकीच्या क्रमानेच पूर्ण झाली. भाषावैज्ञानिक स्टीव्हन पिंकर यांनी लगेच लिहिले की सरन्यायाधीशांच्या मनातल्या शुद्धतावाद्याने घटनाकारांचे इंग्रजी नकळत सुधारले असावे. निष्ठा आधी की अंमल आधी असा कोणताही घटनात्मक वाद नसतानाही, पुढे कोणी शंका काढू नये म्हणून, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी व्हाइट हाउसच्या एका दालनात, मोजक्या लोकांसमोर आणि या खेपेस बायबलशिवाय, ती शपथ पुन्हा देण्यात आली. तयार आहात का, असे सरन्यायाधीशांनी विचारले, तेव्हा ओबामांनी होकार देऊन सांगितले की आता हे अगदी सावकाश करू या. आणि त्यांनी शब्द वापरला तो ‘स्लोली’.